प्रसारण पत्रकारितेतून राजकारणप्रवेश

नभोवाणी किंवा दूरचित्रवाणीवर बातम्या देणाऱ्या, मुलाखती घेणाऱ्या वा चालू घडामोडींवर भाष्य करणाऱ्या व्यक्तीने ते काम सोडून निवडणुकीच्या राजकारणात उतरणे. अभिनेते व खेळाडू यांच्या राजकारणप्रवेशाहून हा प्रकार वेगळा मानावा लागतो. अभिनेत्याची लोकप्रियता उमेदवारीनंतरही तशीच वापरता येते. पत्रकाराची ओळख मात्र तटस्थतेच्या दाव्यावर उभी असते आणि अर्ज भरताच तो दावा संपतो. वृत्तपत्राच्या संपादकाची गोष्टही निराळी. ‘केसरी’कार टिळकांच्या चरित्रात संपादक आणि पुढारी असे दोन टप्पे पाडताच येत नाहीत, कारण पत्र हेच चळवळीचे साधन होते. प्रसारणात लहरी सार्वजनिक मालकीच्या व परवाने सरकारी, त्यामुळे इथे उंबरठा स्पष्ट दिसतो आणि तो ओलांडावा लागतो.

मराठीत ‘प्रसारक’ हा शब्द माणसासाठी अजून पुरता रुळलेला नाही. शिक्षण प्रसारक मंडळ्यांमुळे त्याला वेगळाच वास येतो, आणि आता तो बहुधा वाहिनी चालवणाऱ्या कंपनीसाठी वापरतात. प्रस्तुत नोंदीत वृत्तनिवेदक, वार्ताहर, मुलाखतकार आणि चर्चेचे सूत्रसंचालक या सर्वांना तो लावला आहे.

उगम : या वाटेने प्रथम कोण गेले, याचे उत्तर पत्रकाराची व्याख्या किती सैल धरावी यावर अवलंबून आहे. व्यापक अर्थ घेतल्यास कॅनडातील अल्बर्टा प्रांताचे विल्यम ॲबरहार्ट यांचे नाव पुढे येते. कॅल्गरीतील हे शाळामुख्याध्यापक १९२५ पासून नभोवाणीवर धर्मप्रवचने देत. महामंदीत त्यांनी त्याच ध्वनिक्षेपकावरून ‘सोशल क्रेडिट’ या अर्थविचाराचा प्रचार सुरू केला आणि १९३५ मध्ये त्यांच्या पक्षाने प्रांतिक विधिमंडळातील ६३ पैकी ५६ जागा जिंकल्या. त्याआधी १९३० मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात स्वतःचे नभोवाणी केंद्र चालवणारे जॉन ब्रिंकली गव्हर्नरपदासाठी उभे राहिले होते. त्यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते, मतदारांना ते हाताने लिहावे लागे. ते पराभूत झाले. टेक्ससमध्ये पिठाच्या जाहिरातीचा संगीत कार्यक्रम सादर करणारे डब्ल्यू. ली ओ’डॅनियल १९३८ मध्ये गव्हर्नरपदी निवडून आले आणि १९४१ मध्ये लिंडन जॉन्सन यांना हरवून सिनेटवर गेले.

ही तिन्ही माणसे प्रसारक होती, पण त्यांपैकी वार्ताहर कोणीही नव्हते. त्यामुळे काटेकोर अर्थाने हा प्रवाह १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, दूरचित्रवाणीबरोबर सुरू झाला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९५८ च्या रॉचडेल पोटनिवडणुकीत आयटीएन या दूरचित्रवाणी वृत्तसंस्थेचे वृत्तनिवेदक लुडोविक केनेडी लिबरल पक्षाकडून लढले आणि हुजूर पक्षाला तिसऱ्या क्रमांकावर ढकलून दुसरे आले. दूरचित्रवाणीने वृत्तांकन केलेली पहिली पोटनिवडणूक म्हणून हीच लढत सांगितली जाते, हा योगायोग लक्षणीय आहे. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी रॉबिन डे हेरफर्डमधून लढून हरले, तर बीबीसीचे मुलाखतकार जेफ्री जॉन्सन स्मिथ हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटमध्ये पोहोचले.

लेव्हेक यांचे उदाहरण : या विषयावरील बहुतेक विवेचन कॅनडातील फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांताच्या रने लेव्हेक (१९२२–८७) यांच्यापाशी येऊन थांबते, आणि ते रास्तच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याबरोबर वार्ताहर, नंतर कोरियन युद्धाचे वृत्तांकन, आणि १९५६ पासून कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या फ्रेंच जाळ्यावर ‘पॉइं द मीर’ हा साप्ताहिक कार्यक्रम, असा त्यांचा प्रवास होता. या कार्यक्रमात ते खडू व फळा घेऊन सुएझ किंवा अल्जीरिया यांसारखे प्रश्न समजावून देत. डिसेंबर १९५८ च्या अखेरीस या फ्रेंच जाळ्यावरील निर्मात्यांनी संघटना स्थापण्याच्या हक्कासाठी संप पुकारला. तो मार्च १९५९ पर्यंत चालला. निर्माते नसूनही लेव्हेक संपात सामील झाले. संघराज्य सरकारने हस्तक्षेप केला नाही, इंग्रजी विभागातील सहकाऱ्यांचा पाठिंबाही तोकडा पडला. फ्रेंच वाहिनी बंद पडली तरी ओटावातील संघराज्य सरकारला त्याचे सोयरसुतक नाही, अशी भावना त्यातून पसरली.

या संपानेच लेव्हेक यांना राष्ट्रवादी बनवले, असे मत रूढ आहे. दुसऱ्या मतानुसार संप हे केवळ निमित्त. क्वेबेकचे प्रांतिक पंतप्रधान मोरिस दुप्लेसी यांच्या राजवटीविरुद्धचा असंतोष आधीच परिपक्व झाला होता आणि असे लोकप्रिय नाव कोणत्या ना कोणत्या पक्षाने उचललेच असते. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. संपानंतर ते थेट क्वेबेकच्या स्वातंत्र्यवादी गोटात गेले नाहीत, तर १९६० मध्ये झाँ लसाज यांच्या लिबरल पक्षात गेले. त्या पक्षाशी त्यांनी फारकत घेतली ती १९६७ मध्ये. मात्र संपामुळे त्यांची नोकरीवरील निष्ठा तुटली, एवढे दोन्ही मतांच्या पुरस्कर्त्यांना मान्य व्हावे.

पहिली निवडणूक सोपी नव्हती. मॉन्ट्रियल-लॉरिए मतदारसंघात ते अवघ्या १२९ मतांनी जिंकले. त्यांच्याच नावाचा आणखी एक रने लेव्हेक तिथे उमेदवार होता आणि त्याने ९०० हून अधिक मते घेतली. नामसाधर्म्याची ही युक्ती मराठी वाचकाला नवी वाटणार नाही. मंत्री म्हणून त्यांनी खाजगी वीजकंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा आग्रह धरला. १९६२ ची मुदतपूर्व निवडणूक याच प्रश्नावर झाली. प्रचारात ते पुन्हा फळ्यापाशी उभे राहून वीजदरांचा व कंपन्यांचा हिशोब मांडत. पत्रकारितेतले कौशल्य जसेच्या तसे राजकारणात वापरल्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. १९६८ मध्ये त्यांनी पार्ती केबेक्वा हा क्वेबेकच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा पक्ष स्थापन केला. १९७६ ते १९८५ ते प्रांताचे पंतप्रधान होते. १९८० च्या सार्वमतात त्यांचा सार्वभौमत्व-सहयोगाचा (राजकीय स्वातंत्र्य, पण कॅनडाशी आर्थिक सहयोग) प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला.

लेव्हेक यांचे यश प्रादेशिकच का राहिले, याचे एक उत्तर प्रक्षेपणाच्या भूगोलात आहे. फ्रेंच जाळ्याचा प्रेक्षकवर्ग आणि क्वेबेकचा मतदार जवळजवळ एकच होते. इंग्रजी कॅनडात त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. भाषिक प्रदेश आणि प्रक्षेपणक्षेत्र एकमेकांवर जिथे चपखल बसतात, तिथे ही वाट रुंद होते. पुढील उदाहरणे बव्हंशी याला पुष्टी देतात.

कायदेशीर बाजू : अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यातील कलम ३१५ नुसार, प्रसारणकेंद्राने एका उमेदवाराला वेळ दिला तर त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनाही समान संधी द्यावी लागते. तरतुदीचे मूळ १९२७ च्या नभोवाणी कायद्यात आहे. १९५९ मध्ये शिकागोच्या लार डेली या नेहमी निवडणुका लढवणाऱ्या गृहस्थांनी, बातमीपत्रात प्रतिस्पर्धी दिसला म्हणून आपल्यालाही वेळ हवा, असा दावा केला. नियामक आयोगाने तो मान्य केला. बातम्या देणेच अशक्य होईल हे पाहून अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षी कायदा बदलला. खरीखुरी बातमीपत्रे, वृत्तमुलाखती, वृत्तपट आणि घटनास्थळावरून केलेले वृत्तांकन यांना सूट मिळाली.

पण वृत्तनिवेदकच उमेदवार असेल तर? हा प्रश्न विल्यम ब्रँच प्रकरणात आला. सॅक्रामेंटोच्या एका दूरचित्रवाणी केंद्राचे हे वार्ताहर १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील लूमिस या लहानशा गावाच्या परिषदेसाठी उभे राहू इच्छित होते. त्यांचे रोजचे पडद्यावरील दर्शन मोजले, तर प्रतिस्पर्ध्यांना सुमारे ३३ तास द्यावे लागतील, असा केंद्राचा हिशोब होता. म्हणून प्रचारकाळात बिनपगारी रजा घ्या, आणि परत आल्यावर नोकरीची हमी नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ब्रँच यांनी माघार घेतली आणि दाद मागितली. १९८७ मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. सूट आहे ती उमेदवाराविषयीच्या बातमीला. उमेदवार बातमी सांगतो, तेव्हा तो स्वतः बातमीचा विषय नसतो, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. याचा व्यावहारिक परिणाम असा की, अमेरिकेत वृत्तनिवेदकाने आधी ध्वनिक्षेपक खाली ठेवायचा आणि मग अर्ज भरायचा. रोनाल्ड रेगन यांचे जुने चित्रपट त्यांच्या निवडणुकांच्या काळात केंद्रे दाखवत नसत, तेही याच तरतुदीमुळे. त्यांची उपजीविकेची सुरुवात १९३०च्या दशकात आयोवात नभोवाणीवरील क्रीडासमालोचक म्हणून झाली होती, हे अनेकदा विसरले जाते.

प्रादेशिक ते राष्ट्रीय : उत्तर कॅरोलायनातील रॅले येथील वाहिनीवर जेसी हेल्म्स १९६० पासून रोज संपादकीय भाष्य करत. १९७२ मध्ये ते सिनेटवर निवडून आले आणि २००३ पर्यंत तिथे राहिले. पण त्याआधी ते नगरपरिषद सदस्यही होते, म्हणजे दोन्ही भूमिका काही काळ एकत्र नांदल्या. माइक पेन्स यांचा क्रम तर उलटा. १९८८ व १९९० मध्ये काँग्रेसच्या निवडणुका हरल्यावर ते इंडियानात नभोवाणीवरील चर्चाकार झाले आणि त्यातून मिळालेल्या ओळखीवर पुन्हा उतरले. स्कॉटलंडच्या रूथ डेव्हिडसन बीबीसीतून बाहेर पडून २००९ ची पोटनिवडणूक हरल्या, २०११ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटमध्ये आल्या आणि त्याच वर्षी हुजूर पक्षाच्या तिथल्या नेत्या झाल्या. जपानच्या पूर्वीच्या दूरचित्रवाणी वृत्तनिवेदिका युरिको कोइके यांनी मात्र आधी राष्ट्रीय संसद (१९९२) व मंत्रिपदे पाहिली आणि २०१६ मध्ये टोकिओच्या गव्हर्नरपदाकडे वळल्या.

थेट राष्ट्रीय पदावर झेप मुख्यतः लहान किंवा एकभाषी देशांत दिसते. बोलिव्हियाचे कार्लोस मेसा दूरचित्रवाणी पत्रकार व इतिहासकार. २००२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष, २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष. एल साल्वादोरमधील मुलाखतकार मौरिसियो फुनेस यांना २००९ मध्ये एफएमएलएन या पूर्वाश्रमीच्या गनिमी संघटनेने उमेदवारी दिली आणि ते निवडून आले. स्वतः कधी बंदूक न उचललेला उमेदवार, हेच त्यांचे पक्षाला वाटलेले मोल होते.

भारत : येथे हा प्रवाह उशिरा आला, आणि कारण संस्थात्मक आहे. प्रसार भारती १९९७ मध्ये अस्तित्वात येईपर्यंत आकाशवाणी व दूरदर्शनचे कर्मचारी सरकारी सेवक होते. सेवावर्तणूक नियमांनुसार त्यांना पक्षीय राजकारण व निवडणूक वर्ज्य होती. खाजगी नभोवाणीला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नव्हती, म्हणून नभोवाणीचा लोकप्रिय वार्ताहर घडलाच नाही. उपग्रह वाहिन्यांनंतर चित्र पालटले. मनीष सिसोदिया (दिल्ली) यांची पार्श्वभूमी वृत्तवाहिनीची. मल्याळम वाहिन्यांवर काम केलेल्या वीणा जॉर्ज २०१६ मध्ये अरन्मुळ्यातून केरळ विधानसभेत व २०२१ मध्ये आरोग्यमंत्रिपदी पोहोचल्या. २०१६ च्याच निवडणुकीत वाहिनीसंस्थापक एम. व्ही. निकेश कुमार हरले, राजकीय घराण्यातून येऊनही. गुजरातीतील चर्चाकार इसुदान गढवी २०२२ मध्ये आम आदमी पक्षाचा मुख्यमंत्रिपदाचा चेहरा असूनही स्वतःच्या मतदारसंघात पराभूत झाले. राजधानीतील हिंदी वाहिनीचे संपादक आशुतोष यांना २०१४ मध्ये चांदणी चौकात यश आले नाही. मिझोरममध्ये बॅरिल वन्नेइहसांगी या पूर्वीच्या दूरचित्रवाणी निवेदिका २०२३ मध्ये निवडून आल्या व २०२४ मध्ये विधानसभाध्यक्ष झाल्या.

परतीचा प्रवास : रॉबिन डे हरल्यावर बीबीसीत गेले आणि ब्रिटनमधील सर्वांत दरारा असलेले राजकीय मुलाखतकार ठरले. युद्धवार्ताहर मार्टिन बेल १९९७ मध्ये टॅटनमधून अपक्ष निवडून आले; मजूर व लिबरल डेमोक्रॅट पक्षांनी त्यांच्यासाठी उमेदवार मागे घेतले होते. एकाच कालावधीसाठी येथून लढेन, हे वचन त्यांनी पाळले. २००१ मध्ये दुसऱ्या मतदारसंघात ते हरले. ऑस्ट्रेलियात मॅक्सिन मॅक्यू यांनी २००७ मध्ये विद्यमान पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना त्यांच्याच बेनेलाँगमध्ये हरवले आणि २०१० मध्ये ती जागा गमावली. इटलीच्या लिली ग्रुबर २००४ मध्ये युरोपीय संसदेत गेल्या, २००८ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा पडद्यावर आल्या.