नावाचा हिब्रू अर्थ आणि हिब्रूतला सारखा ऐकू येणारा शब्द

इस्रायलमध्ये अमित हे रोजच्या वापरातलं नाव आहे. मुलांचं असतं, मुलींचंही. आपल्याकडच्या एखाद्या अमितला हे कळलं की तो लगेच विचारतो, ‘मग माझ्या नावाचा हिब्रूत अर्थ काय?’ उत्तरही पटकन मिळतं: मित्र, सहकारी. गफलत होते ती इथेच. हा त्याच्या नावाचा अर्थ नव्हे, त्याच्या नावासारख्या ऐकू येणाऱ्या दुसऱ्याच शब्दाचा अर्थ आहे.

आपला अमित संस्कृतातला. ‘मा’ म्हणजे मोजणे, त्यावरून मित, आणि पुढे नकाराचा अ; ज्याचं मोजमाप होत नाही तो. हिब्रू अमित उजवीकडून डावीकडे आयिन, मेम, योद, ताव अशा चार अक्षरांत लिहितात. त्यातलं आयिन आज बहुतेकांच्या बोलण्यात ‘अ’मध्येच विरघळून जातं, पण हिब्रूत ते व्यंजन आहे, शब्दाच्या मुळातलं. आपला अ काढला तर मित उरतो. तिथलं आयिन काढलं तर शब्दच मोडतो. नीरचंही तसंच. आपल्याकडे पाणी, हिब्रूत नांगरलेलं रान.

ज्यांचा अर्थ खरोखर हिब्रूतच शोधावा लागतो, अशी काही नावं मात्र ऐकायला अस्सल मराठी वाटतात. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजात शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी. १७९६ साली मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर, म्हणजे ‘जुनी मशीद’, उभारणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर.

आता हसाजी हे नाव मराठी कानाने ऐका. हसरा माणूस डोळ्यांपुढे येतो ना? पण यहेज्केल म्हणजे ‘देव बळ देतो’. हिब्रूत बळकटाला हजाक म्हणतात, तेच मूळ या नावात आहे. हसणं आहे ते इसाजीत! इसहाक, मूळ उच्चार यित्झाक, म्हणजे ‘तो हसेल’. हिब्रू धर्मग्रंथातल्या कथेत म्हातारपणी मूल होणार हे ऐकून बाप अब्राहाम हसला, आई साराही हसली, म्हणून मुलाचं नाव हे. मला ही जोडी फार आवडते, कारण नुसत्या कानावर विसंबलं तर एकाचं हसू दुसऱ्याच्या पदरात पडतं.

म्हणून नावाचा अर्थ विचारण्याआधी ते नाव कोणत्या भाषेतून आलं हे विचारावं, आणि हिब्रू असेल तर त्याची अक्षरं बघावीत. मराठी लिपीत आलेफ आणि आयिन दोन्ही ‘अ’च होतात, तेत आणि ताव दोन्ही ‘त’. मुळातला फरक तिथेच पुसला जातो.

अर्थात, कानाने अर्थ लावणं खुद्द हिब्रू धर्मग्रंथातही आहे. शमुवेल या नावाची फोड अभ्यासक बहुधा ‘देवाचं नाव’ अशी करतात; शेम म्हणजे नाव, एल म्हणजे देव. धर्मग्रंथातल्या शमुवेलची आई हन्ना मात्र सांगते की हा मी परमेश्वराकडे मागून घेतला. मागणे म्हणजे शाअल, आणि त्या क्रियापदाशी शमुवेलपेक्षा शौल हे नाव चोख जुळतं. तरी हन्नाचा अर्थ मी चूक म्हणणार नाही. वर्षानुवर्षं मूल नव्हतं, देवळात ती ओठ हलवत मनातल्या मनात मागत होती, इतकी की याजकाला ती प्यालेली वाटली. मुलाच्या नावात तिला ते मागणंच ऐकू आलं.