इन्फिनिटी का चुकते? मॅन्युअल लेन्सची पार्श्वभूमी

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आता अनेक पोरांच्या कॅमेऱ्यावर स्वस्त मॅन्युअल, म्हणजे हाताने रिंग फिरवून फोकस करायची लेन्स दिसते. एफ १.४ चं ॲपर्चर, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारं भोक, एवढ्या पैशात दुसरीकडे कुठे मिळणार? पण चार दिवसांनी तक्रारी सुरू होतात. लांबचं शार्प येत नाही, फोटोची डावी बाजू कायम मऊ. पोरं आधी स्वतःच्या हाताला दोष देतात आणि मग काचेला. माझ्या मते या दोन्हींपेक्षा लेन्सच्या जुळणीवर, म्हणजे तिचे भाग कसे बसवलेत यावर, जास्त संशय घ्यायला हवा.

हे मला बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत कळलं. नवी १४ मिमीची लेन्स इन्फिनिटीच्या, म्हणजे अगदी लांबच्या फोकसच्या, खुणेवर लावली तरी येळ्ळूरचा राजहंसगड धूसर यायचा. आयुष्यभर लेथवर काम केलेल्या मामांनी ती हातात फिरवून पाहिली. म्हणाले, "काच कशाला बघतोस? हे बसतंय कसं ते बघ की. शिमचं काम हे."

शिम म्हणजे लेन्सचं सेन्सरपासूनचं अंतर जुळवायला मध्ये घालतात ती पातळ चकती. मामांचं म्हणणं आकड्यांत मांडता येतं. १४ मिमीची लेन्स सेन्सरपासून हवी त्यापेक्षा फक्त ०.१ मिमी लांब बसली, तर रिंग इन्फिनिटीवर असतानाही फोकस जेमतेम २ मीटरवर पडतो. तीच चूक ८५ मिमीच्या लेन्समध्ये झाली तर फोकस सुमारे ७२ मीटरवर पडतो आणि कदाचित कुणाच्या लक्षातही येत नाही. १४ मिमीसारख्या वाइड लेन्सच्या तक्रारी जास्त का, ते यावरून समजावं. मऊ बाजूचं कारण वेगळं. आतलं एखादं भिंग किंचित तिरकं किंवा मध्यापासून सरकलेलं असतं, आणि ते शिमने सुटत नाही.

एकच लेन्स अनेक कॅमेऱ्यांना बसवायची कल्पना जुनी आहे. लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या जोडाला माउंट म्हणतात. टॅमरॉनचा टी-माउंट १९५७ चा. लेन्सला एकाच मापाचा आटा, आणि प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळी रिंग. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर मात्र प्रत्येक कंपनीचं निराळं. निकॉनच्या १९५९ च्या एफ माउंटचं ४६.५ मिमी, कॅननच्या १९८७ च्या ईएफचं ४४ मिमी. दुसऱ्याच्या मापावर काम करायचं, वर मध्ये एक जोड वाढवायचा, म्हणजे प्रत्येक जोडाची चूक पुढच्या जोडात मिसळणार. मशीन शॉपमधल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

तरी त्या काळी डोळ्याला आधार होता. यशिका एफएक्स-३, निकॉन एफएम१० अशा कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध दुभंगलेलं वर्तुळ असे. वर्तुळाचे दोन्ही अर्धे भाग जुळले की फोकस झाला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला, ऑटोफोकस रुळला आणि बहुतेक कॅमेऱ्यांतून ते वर्तुळ गेलं. आरशातून चित्र ज्यावर पडतं ते व्ह्यूफाइंडरचे नवे पडदे उजळ होते, पण एफ १.४ ला फोकसमध्ये राहणारा पट्टा खरा किती उथळ आहे ते त्यांत दिसतच नसे. कोरियाच्या सामयांगच्या मॅन्युअल लेन्स, रोकिनॉन, बोवर, वॉलिमेक्स अशा नावांनीही, याच पडद्यांच्या काळात बाजारात आल्या.

सुटका केली मिररलेसने, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याने. २००८ मध्ये पॅनासॉनिक जी१ आला, २०१० मध्ये सोनीचा १८ मिमी अंतराचा ई माउंट. चित्र थेट सेन्सरवरून मोठं करून पाहता येऊ लागलं, त्यामुळे आरशाच्या जुळणीची चूक मधून गेली. साध्या धातूच्या लेन्सना पुन्हा गिऱ्हाईक मिळालं, आणि सेव्हन आर्टिसन्स, टीटीआर्टिसन, मिके ही चिनी नावं आपल्याकडेही ओळखीची झाली.

पण स्वस्ताईची किंमत कुठून तरी निघतेच. भिंगं घासणं यंत्रावर होतं. प्रत्येक नग तपासणीच्या बाकावर लावून भिंगांचा मध्य जुळवणं, शिम बदलून पुन्हा मोजणं, यात माणसाचा वेळ जातो. काटकसर तिथे झाली, की शेवटची तपासणी गिऱ्हाईकाच्या गळ्यात पडते. इन्फिनिटीच्या पुढेही फिरणारी रिंग ही काही वेळा याच चुकीसाठी ठेवलेली सवड असते. तिच्यामुळे फोटो वाचतो, पण रिंगवरचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. उद्यमबागेत असा जॉब इन्स्पेक्शनलाच परत गेला असता, आणि लेन्सच्या बाबतीतही आपण तेवढंच मागायला हवं.

म्हणून परत करायची मुदत आहे तोवर ट्रायपॉड घेऊन येळ्ळूरच्या रस्त्यावर जा. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, स्क्रीनवर चित्र मोठं करा. गडाची तीच कड आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि दर वेळी नव्याने फोकस करा. एखाद्या कोपऱ्यात ती कशानेच शार्प होत नसेल तर लेन्स परत पाठवा. चारही कोपऱ्यांत सारखीच धूसर राहिली, तर शिमचा प्रश्न असण्याची शक्यता मोठी. माझ्या लेन्सचं तसंच निघालं. मामांनी माउंटचे चार स्क्रू सोडवून आतली पातळ चकती बदलली.