बॅटमॅनच्या बुटातलं यंत्र आणि वटवाघळांचे कान

परवा रात्री 'बॅटमॅन: इयर वन' परत बघितला. २०११ चा ॲनिमेटेड पिक्चर, जेमतेम ६४ मिनिटांचा, जेवण करून आवराआवर होईपर्यंत संपतोसुद्धा. फ्रँक मिलरने लिहिलेलं आणि डेव्हिड माझुकेलीने काढलेलं कॉमिक १९८७ साली बॅटमॅनच्या ४०४ ते ४०७ अशा चार अंकांत आलं होतं, मग त्याचं ग्राफिक नॉव्हेल झालं, आणि हा पिक्चर म्हणजे त्याचंच जवळजवळ पानोपानी केलेलं रूपांतर. बॅटमॅन बॅटमॅन कसा झाला त्याची गोष्ट, पण खरा भाव खाऊन जातो तो पोलिसातला गॉर्डन (आवाज ब्रायन क्रॅन्स्टनचा, आणि काय लावलाय!). असो, मला बोलायचंय ते वटवाघळांबद्दल.

यात वटवाघळांचे दोन मोठे सीन आहेत. पहिला, जखमी ब्रूस वेन (अजून बॅटमॅन न झालेला आपला हिरो) रक्तबंबाळ अवस्थेत घरात बसलाय, पुढे काय करावं सुचत नाहीये, आणि तेवढ्यात खिडकीची काच फोडून एक वटवाघूळ आत येतं, बस्स, ठरलं, आपण हेच व्हायचं. दुसरा, पोलिसांनी त्याला एका पडक्या इमारतीत कोंडलंय, वरून बॉम्ब टाकलाय, सगळी हत्यारं असलेला पट्टा जळून गेलाय, आणि मग तो बुटात लपवलेलं एक यंत्र चालू करतो. त्यातून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि त्याच्या गुहेतली वटवाघळं थव्याने येऊन पोलिसांवर तुटून पडतात.

मला आधी वाटायचं पहिला सीन निव्वळ फिल्मी आणि दुसरा जरा तरी सायंटिफिक. जरा वाचायला घेतलं तर प्रकरण बरोब्बर उलटं निघालं.

आधी काच. वटवाघूळ अंधारात बारीक आवाज सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून समोर काय आहे ते ओळखतं हे आपण शाळेत शिकलोय. आता कॅरम आठवा. स्ट्रायकर कडेला तिरका मारला की तो तुमच्याकडे परत येत नाही, पलीकडे निघून जातो, सरळ मारला तरच परत येतो. गुळगुळीत उभ्या काचेवर आवाजाचं तेच होतं. वटवाघूळ तिरकं उडत येत असेल तर त्याचा आवाज काचेवरून पुढेच सटकतो, परत काहीच येत नाही, आणि काही परत आलं नाही म्हणजे पुढे मोकळी जागा असं त्याचं गणित, की धाडकन आपटलं. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अंधाऱ्या बोगद्यासारख्या जागेत धातूची गुळगुळीत पाटी उभी करून हे तपासलं, २१ पैकी १९ वटवाघळं निदान एकदा तरी तिला धडकली. तीच पाटी जमिनीवर आडवी ठेवली तर एकही धडकलं नाही, कारण गुळगुळीत आणि आडवं म्हणजे पाणी असं ती समजतात, काही तर प्यायलाही खाली येतात!

म्हणजे ब्रूसच्या खिडकीवर वटवाघूळ आपटणं अगदी शक्य आहे. काच फुटणं मात्र विसरा. बॅटमॅनचं गॉथम शहर म्हणजे न्यूयॉर्क धरलं, तर त्या भागात पूर्वी सर्रास दिसणारं लिटल ब्राऊन बॅट सात-आठ ग्रॅमचं असतं, म्हणजे एक रुपयाची दोन-तीन नाणी. काच फोडायची तर आपल्याकडे गावच्या वडावर उलटी लटकलेली असतात तसली किलोभर वजनाची पाहिजेत, पण ती फळं खाणारी, डोळ्यांनी बघून उडणारी, प्रतिध्वनीची भानगडच नाही त्यांच्याकडे (वटवाघूळ आंधळं असतं हे कुणी सुरू केलं देव जाणे). थोडक्यात काय, जे आवाजाला फसेल ते हलकं आणि जे जड आहे ते अमेरिकेत नाही.

एक मजेशीर योगायोग सांगतो. आंधळी केलेली वटवाघळं मजेत उडतात पण कानात बोळे घातले की आपटतात, हे इटलीतल्या स्पालान्झानीला आणि जिनिव्हातल्या ज्युरीनला १७९० च्या दशकातच कळलं होतं, पण कान कशाला लागतात ते कुणाला सांगता येईना म्हणून विषय दीडशे वर्षं बासनात. मग १९३८ साली हार्वर्डचा डोनाल्ड ग्रिफिन नावाचा विद्यार्थी वटवाघळं घेऊन पिअर्स नावाच्या प्राध्यापकाकडे गेला, त्यांच्याकडे माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाज पकडणारं यंत्र होतं, आणि 'मुकी' वटवाघळं चक्क ओरडत होती! पुढच्याच वर्षी, मे १९३९ च्या अंकात, बॅटमॅन पहिल्यांदा कॉमिकमध्ये आला. ग्रिफिनचा साथीदार गॅलम्बॉस हे सगळं एका परिषदेत सांगत होता तर एका नामवंत शास्त्रज्ञाने त्याला खांद्याला धरून गदागदा हलवलं म्हणे, असलं काहीही काय बोलतोस म्हणून.

आता बूट. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वटवाघळांचे आवाज बहुतेक त्याच्या वरचे, त्यामुळे पोलिसांना न कळता सिग्नल देणं इथपर्यंत ठीक. घोळ हवेचा आहे. आवाज जितका बारीक, म्हणजे जितके हर्ट्झ जास्त, तितका हवा तो पटकन गिळते. ४०,००० हर्ट्झचा आवाज दर मीटरला साधारण एक डेसिबल कमी होतो, ऐकायला किरकोळ वाटतं, पण दर १० डेसिबलला ताकद दहापट घटते, म्हणजे शंभर मीटरवर तो हजार कोटीवा हिस्सा उरला, शिवाय पसरून जातो ते वेगळंच. म्हणून तर वटवाघळाला स्वतःलाही छोटा किडा जेमतेम काही मीटरवरूनच कळतो. आणि ब्रूसचा बंगला शहराबाहेर! गुहा समजा १५ किलोमीटरवर धरली, आणि कसंतरी त्यांना कळलंच, तरी लिटल ब्राऊनसारखं वटवाघूळ येईपर्यंत अर्धा तास सहज जाईल, तोवर पोलीस चहा पिऊन मोकळे.

बरं, बूट गुहेतच नेऊन वाजवला तर? तर ती बहुधा पळतील. सतत चालणारा कर्कश अल्ट्रासाउंड (हाच माणसाला ऐकू न येणारा आवाज) म्हणजे त्यांच्यासाठी डोळ्यात टॉर्च मारल्यासारखं, स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येत नाही. पवनचक्क्यांच्या पात्यांपासून वटवाघळं लांब राहावीत म्हणून असेच स्पीकर वापरून बघितलेत. टायगर मॉथ जातीचा एक पतंग तर वटवाघूळ जवळ आलं की स्वतः टिकटिकाट करून त्याचा रडार बिघडवतो आणि वाचतो. मेक्सिकन फ्री-टेल्ड जातीची वटवाघळंसुद्धा ऐन शिकारीच्या क्षणी एकमेकांचं असंच जॅमिंग करतात, किडा तुला नाही मला, अगदी पंगतीतल्या शेवटच्या जिलबीसारखं.

बोलवायचंच असेल तर त्यांच्या भाषेत बोलवायला हवं. संशोधक वटवाघळांचे आपापसातले आवाज रेकॉर्ड करून जंगलात जाळ्याजवळ वाजवतात आणि त्याला ती येतात, पण जवळपासची, आणि चौकशी करायला, कुणाचे डोळे ओरबाडायला नाही.

आणि गुहेत तेवढी वटवाघळं असायला पण पाहिजेत ना. टेक्सासच्या ब्रॅकन गुहेत दीड-दोन कोटी राहतात, तिथे बॅटमॅनची चंगळ झाली असती. पण गॉथम हे मुळात न्यूयॉर्कचं टोपणनाव, आणि त्याच न्यूयॉर्क राज्यात २००६ मध्ये वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी पहिल्यांदा दिसली. हिवाळ्यात झोपलेल्या वटवाघळांना ती परत परत जागं करते, अंगातली चरबी संपते आणि ती उपाशी मरतात. त्या सगळ्या पट्ट्यात लिटल ब्राऊनची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घसरली. मिलरने कॉमिक लिहिलं तेव्हा हे काहीच नव्हतं, आज लिहिलं असतं तर बूट वाजवून दोन-चार आली असती.

गंमत म्हणजे बॅटमॅनच्या दुनियेत वटवाघळं गोळा करणारी एक वस्तू खरंच आहे, पण ती त्याच्याकडे नाही, गॉर्डनकडे, पोलिसांच्या गच्चीवर. बॅटसिग्नल, बॅटमॅनला बोलवायचा दिवा! एवढा मोठा पांढरा दिवा रात्री लावला की किडे येणार, आणि किडे आले की रस्त्याच्या दिव्याखाली घुटमळतात तशी काही वटवाघळं मागोमाग येणार. लिटल ब्राऊनच्या जातकुळीतली बरीच उजेडाला बिचकतात, ती नाही यायची. बाकीच्यांसाठी दिवा लावून थोडा वेळ गप्प बसायचं फक्त.