गुदाशयाच्या कॅन्सरची ऑपरेशनं
मोठ्या आतड्याचा शेवटचा 12 ते 15 सेंटीमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं संडासातनं रक्त गेलं की मूळव्याधच धरतात आणि महिनोन्महिने पुड्या-लेप चालतात, खरंतर खालच्या भागातली गाठ डॉक्टरनं नुसतं बोट घालून तपासलं तरी बऱ्याचदा लागते, म्हणून लाज बाजूला ठेवून ती तपासणी करून घ्यावीच.

गाठ गुदद्वारापासून किती वर आहे यावर बरंच ठरतं. पुरेशी वर असेल तर गाठीचा भाग काढून वरचं आतडं खाली स्टेपलरनं जोडतात. जोड फार खाली असला तर तो भरून येईपर्यंत पोटावर, बहुधा उजवीकडं, लहान आतड्याचं तोंड बाहेर काढून संडास गोळा व्हायला पिशवी लावतात, ती काही महिन्यांनी निघते. गाठ गुदद्वाराच्या स्नायूतच शिरली असेल तर गुदद्वारासकट सगळं काढावं लागतं आणि डावीकडं कायमची पिशवी येते, हे ऑपरेशन लंडनचे सर्जन माइल्स यांनी 1908 मधे मांडलं. पिशवी म्हटली की आमच्याकडं घरचे हातपायच गाळतात, पण ती दरवेळी कायमची नसते हे आधी विचारून घ्यावं. पिशवीची जागा पेशंटला उभं करून, बसवून, वाकवून आधीच पेननं खूण करतात, साडीच्या निऱ्या किंवा पॅन्टचा पट्टा येतो तिथं ती नको.

सगळ्यात मोठा फरक पडला तो इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांच्यामुळं. गुदाशयाभोवती चरबीचं वेष्टन असतं, लसिकाग्रंथी (कॅन्सर जिथं पसरतो त्या बारीक गाठी) त्यातच, पूर्वी सर्जन हातानंच ते सोडवायचे, तुकडे मागं राहायचे आणि कॅन्सर तिथंच परत उठायचा. हील्ड यांनी 1982 मधे दाखवलं की डोळ्यांसमोर, नेमक्या पातळीतनं कापत गेलं तर अख्खं वेष्टन न फाटता निघतं, शिवाय लघवीच्या आणि लैंगिक नसाही वाचवता येतात. हे टोटल मेसोरेक्टल एक्सिजन. लोक ऑपरेशन दुर्बिणीनं का रोबोनं यावरच अडकतात, माझ्या मते सर्जनचा हात या कामात किती बसलाय ते जास्त महत्त्वाचं.

गाठ वाढलेली असली तर आधी रेडिएशन-केमो देतात, काहींची गाठ त्यातच पूर्ण विरघळते आणि मग कडक तपासण्या ठेवून ऑपरेशन टाळताही येतं. अगदी सुरवातीची छोटी गाठ गुदद्वारातनंच काढतात.

खर्चाचं म्हणाल तर कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही सरकारी योजना आहे, आणि 2023 मधे महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, तेव्हा मिरज-कोल्हापूरला जायच्या आधी दोन्हीकडं चौकशी करावी.