मेगावॅट आणि युनिट: कार्बन घटतो तो कशाने?

मराठवाड्यात सौर प्रकल्पाची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास सापडते: "या प्रकल्पातून वर्षाला 5 मेगावॅट वीज निर्माण होणार आहे." हे वाक्य चुकीचे आहे. एवढ्या एका चुकीमुळे कारखान्याचा कार्बन किती घटेल, गावाला वीज किती मिळेल आणि महापालिकेचे बिल किती कमी होईल, हे पुढचे सगळे हिशेब बिघडतात. मंत्र्यांच्या भाषणांत, कारखान्यांच्या अहवालांत आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही हा घोळ वर्षानुवर्षे तसाच चालू आहे.

युनिट म्हणजे काय ते बिल भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 1 किलोवॅटचे उपकरण पूर्ण भाराने तासभर चालले की 1 युनिट वीज खर्च होते. त्यावर अधिक लिहीत नाही.

खरा गोंधळ मेगावॅटचा, म्हणजे 1,000 किलोवॅटच्या मापाचा आहे. एखादे यंत्र एका वेळी जास्तीत जास्त किती जोर लावू शकते, एवढेच मेगावॅट सांगतो. त्याने प्रत्यक्ष किती काम केले, ते सांगत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या पाटीवर 5 एचपी लिहिलेले असते, म्हणजे साधारण 3.7 किलोवॅट. मे महिन्यात विहिरीने तळ गाठला तरी पाटीवरचा आकडा 5 एचपीच राहतो. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या वीजगृहाची क्षमता 22.5 मेगावॅट आहे. ज्या वर्षी धरणात पाणी नसते, त्या वर्षीही ती 22.5 मेगावॅटच असते, मात्र युनिटे मिळत नाहीत. परळीचे औष्णिक केंद्र 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हाही सरकारी तक्त्यांत त्याचे मेगावॅट जसेच्या तसे होते.

सौरऊर्जेच्या बाबतीत ही दरी फार मोठी असते, कारण सूर्य रात्री नसतो, सकाळ-संध्याकाळी तिरपा असतो आणि पावसाळ्यात झाकला जातो. आपल्याकडे 1 मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षभरात साधारण 15 लाख युनिटे देतो. तेच 1 मेगावॅट कोळशाच्या केंद्रात असेल, तर देशातील अलीकडची सरासरी पाहता वर्षाला 60 लाख युनिटांच्या आसपास वीज मिळते. त्यामुळे कोळशाच्या एका मेगावॅटची जागा सौरऊर्जेचा एक मेगावॅट घेत नाही. तेवढीच वीज हवी असेल तर चार लागतात. जुलै 2025 मध्ये देशाच्या स्थापित (म्हणजे उभारलेल्या) वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म, म्हणजे सौर, पवन, जल, अणू अशा स्रोतांचा वाटा 50 टक्क्यांच्या वर गेल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. 2030 साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. मात्र "देशातली निम्मी वीज आता हरित झाली" असा जो अर्थ त्यातून सर्रास काढला गेला, तो साफ चुकीचा आहे. निम्मी झाली ती क्षमता; प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेचा दोन तृतीयांशांहून मोठा भाग अजूनही कोळशातूनच येतो, आणि कार्बन जळलेल्या कोळशाच्या हिशेबाने हवेत जातो.

हाच हिशेब जालन्याच्या एमआयडीसीत लावून पाहू. तिथल्या विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या स्क्रॅप (लोखंडी भंगार) वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाच्या कांड्या, ओततात आणि त्यातून सळई निघते. एक टन पोलाद वितळवायला ढोबळमानाने 600 युनिटे लागतात. समजा, एक कारखाना दिवसाला 300 टन वितळवतो आणि वर्षातले 330 दिवस चालतो. त्याच्या भट्ट्यांचा खप दिवसाला 1 लाख 80 हजार युनिटे, वर्षाला सुमारे 5 कोटी 94 लाख युनिटे होतो आणि सरासरी भार साडेसात मेगावॅट येतो. आता मालकाने शेडच्या छतावर 1 मेगावॅटचा सौर प्रकल्प बसवला. मेगावॅटला मेगावॅटने भागणारा माणूस म्हणेल की साडेसातपैकी एक, म्हणजे 13 टक्के वीज सौर झाली. युनिटांना युनिटांनी भागले की उत्तर अडीच टक्के येते. वर्षाची सगळी सौर वीज मिळून त्या भट्ट्या जेमतेम आठ दिवस चालतात. ग्रीडमधल्या, म्हणजे सामाईक वीजजाळ्यातल्या, एका युनिटामागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असे धरले तर 15 लाख युनिटांनी सुमारे 1,050 टन वाचतात. आणि नुसत्या भट्ट्यांच्या विजेचे उत्सर्जन 41,000 टनांच्या वर असते. 1,050 टन वाचवणे ही चांगलीच गोष्ट आहे. माझा आक्षेप अहवालात छापल्या जाणाऱ्या 13 टक्क्यांना आहे.

युनिटांत हिशेब करायला लागले की एरवी कोणाच्या लक्षात न येणारे मार्ग दिसू लागतात. त्याच कारखान्याने भट्टीच्या तोंडावर झाकण ठेवले, स्क्रॅप साफ करून आणि दाबून भरले, वितळलेला रस ओतण्याची वाट पाहत भट्टीत ताटकळू दिला नाही आणि टनामागे 600 ऐवजी 570 युनिटे लागू लागली, तर वर्षाला जवळजवळ 30 लाख युनिटे वाचतात. हे दोन मेगावॅट सौर पॅनेलच्या वर्षभराच्या विजेइतके झाले. ओतलेले बिलेट थंड न करता गरम असतानाच रोलिंगला (लाटून सळई करायला) घेतले, तर ते पुन्हा तापवण्यासाठी लागणारा कोळसाही वाचतो. या सुधारणांचे उद्घाटन होत नाही आणि फीत कापतानाचा फोटो छापून येत नाही, म्हणून त्यांची चर्चा कमी होते. माझे मत स्पष्ट आहे: कारखान्याने आधी टनामागची युनिटे घटवावीत आणि उरलेल्या खपासाठी पॅनेल बसवावेत.

साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीतही, म्हणजे उसाचे चिपाड (बगॅस) जाळून केलेल्या विजेतही, हेच होते. लातूर, धाराशिव, बीड भागातल्या कारखान्यांच्या फलकांवर मेगावॅट मोठ्या अक्षरांत असतात. पण बगॅस उसावर अवलंबून आणि ऊस पावसावर. गाळप लवकर आटोपले की टर्बाइनही थांबते. शिवाय तयार झालेल्या विजेतून कारखाना स्वतःचा खप भागवतो आणि उरलेलीच ग्रीडला देतो. म्हणून किती युनिटे ग्रीडमध्ये गेली, हा एकच आकडा विचारावा.

पॅनेलचे मेगावॅट आणि त्यांची वीज ग्रीडला चालेल अशी करणाऱ्या इन्व्हर्टरचे मेगावॅट वेगळे असू शकतात, त्यामुळे एकच प्रकल्प एका कागदावर चारचा आणि दुसऱ्यावर तीनचा दिसतो. ही बाब किरकोळ आहे, कंत्राटदाराला विचारले की उलगडते. "मेगावॅट प्रति तास" असे मात्र कोणीही लिहू नये. किती वीज तयार झाली, हे त्यातून कळतच नाही.

मेगावॅट निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. एकाच वेळी किती भार उचलता येईल, हा प्रश्न असेल तेव्हा मेगावॅटच विचारावा लागतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा प्रकल्प 3 मेगावॅटचा आहे. भर उन्हात तो 5 एचपीच्या साधारण 800 मोटारी एकाच वेळी चालवू शकतो, आणि ज्या शेतकऱ्याला आजवर रात्री अंधारात, विंचूकाट्यातून दारे धरायला जावे लागत होते, त्याच्या दृष्टीने दिवसा मिळणारा हा जोरच मोलाचा आहे. बॅटरीच्या बाबतीत तर दोन्ही आकडे लागतात. "10 मेगावॅटची बॅटरी" एवढ्याने काहीच कळत नाही. ती दोन तास पुरणार की चार, म्हणजे तिच्यात 20 हजार युनिटे मावतात की 40 हजार, यावरच संध्याकाळचा कोळसा किती वाचेल ते ठरते.

शहरातल्या पथदिव्यांचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. दिवा रोज रात्री साधारण 11 तास जळतो, तास ठरलेले असतात, त्यामुळे वॅट कमी झाले की त्याच प्रमाणात युनिटेही कमी होतात. 250 वॅटचा सोडियम दिवा काढून 100 वॅटचा एलईडी लावला, तर एका खांबामागे वर्षाला सुमारे 600 युनिटे वाचतात. वाळूजच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरला (हवा दाबून पुरवणाऱ्या यंत्राला) मात्र हे लागू होत नाही. तिथे 75 किलोवॅटची मोटार कधी पूर्ण भाराने तर कधी नुसतीच फिरत असते, आणि मोटारीचा वेग मागणीनुसार बदलणारी यंत्रणा बसवून किती वाचले, ते वीजमापक लावल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

म्हणून निविदेत, करारात आणि वार्षिक अहवालात क्षमतेच्या शेजारी गेल्या बारा महिन्यांची मोजलेली युनिटे छापण्याची अट असावी. पॅनेलवर भट्टीची काजळी आणि उन्हाळ्याची धूळ साचली की युनिटे घसरू लागतात, आणि ती धुवायला लागणारे पाणी मराठवाड्यात नेमके त्याच महिन्यांत टँकरने आणावे लागते. ही घसरण महिन्याच्या रीडिंगमध्ये लगेच दिसते, फलकावरच्या मेगावॅटमध्ये दिसत नाही.