हुमायूनचा मकबरा : 40 मीटरला 1 सेंटीमीटर उताराची बाग

दिल्लीत निजामुद्दीनजवळ हुमायूनचा मकबरा पाहायला गेलेली बहुतेक मंडळी पश्चिम दरवाज्यातून आत शिरली की नजर घुमटाला लावून चालू लागतात. पायवाटेच्या मधून गेलेल्या दगडी पाटाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. या जागेचा इतिहास मात्र त्या पाटापासूनच वाचावा. दगडाची इमारत साडेचारशे वर्षं बऱ्यापैकी तग धरून राहिली. बाग अनेकदा मोडली आणि गेल्या सव्वाशे वर्षांत दोनदा नव्याने घडवावी लागली.

जानेवारी 1556 मध्ये पुराना किल्ल्यातल्या शेर मंडल या इमारतीच्या जिन्यावरून पडून हुमायून गेला. त्याला आधी किल्ल्यातच पुरलं होतं. त्याच वर्षी सूर घराण्याचा सेनापती हेमू याने दिल्ली घेतली आणि शव सरहिंदला हलवावं लागलं. कायमची कबर अकबराच्या काळात झाली. काम 1560 च्या दशकात सुरू झालं आणि 1570 च्या आसपास पुरं झालं. पुढाकाराचं श्रेय हुमायूनची बेगम बेगा (हाजी) बेगम हिला दिलं जातं. रचनाकार होता हेरात-बुखाऱ्याकडे काम केलेला मीराक मिर्झा घियास. जागा निवडली ती निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याजवळची. तेव्हा यमुना पूर्वेच्या भिंतीलगत वाहायची.

सुमारे 30 एकरांची ही चारबाग, म्हणजे चार भागांत विभागलेली बाग. चार भागांचे पुन्हा प्रत्येकी नऊ चौक, म्हणजे एकूण 36, आणि त्यांतले मधले चार चौक मकबऱ्याच्या चबुतऱ्याने व्यापलेले. कबर बागेच्या बरोबर मध्यात ठेवण्याची हीच मांडणी पुढे औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात दिसते. ताजमहालात मात्र कबर बागेच्या टोकाला नदीकाठी सरकली. पाणी विहिरींचं. ते पाटांतून, हौदांतून आपल्या वजनानेच फिरायचं. त्यासाठी ठेवलेला उतार 40 मीटरला 1 सेंटीमीटर, म्हणजे 300 मीटर चाललं तरी जेमतेम साडेसात सेंटीमीटर. इतक्या नाजूक उतारात एखादी फरशी बोटभर दबली, तर तिच्या पुढचा कितीतरी मीटरचा उतार नाहीसा होतो. पाणी तुंबतं, गाळ बसतो, सांधे सुटतात, आणि मग पाणी पाटातून न जाता जमिनीत मुरतं. अशी बाग कोरडी पडायला मोडतोड लागत नाही, दुर्लक्ष पुरतं.

मोगल सत्ता खालावल्यावर तेच झालं. एकोणिसाव्या शतकात इथे भाजीपाला आणि तंबाखू पिकत होता. 1860 च्या सुमारास इंग्रजांनी वाटांवरचे हौद काढून तिथे फुलझाडांचे गोल वाफे केले. व्हाइसरॉय कर्झनने हाती घेतलेल्या कामात, 1903 ते 1909 दरम्यान, पाट पुन्हा खणून दगडाने बांधून घेतले. ते फार टिकलं नाही. फाळणीच्या वेळी इथे निर्वासितांची छावणी पडली, ती काही वर्षं राहिली, आणि आतली थडगी वाचवण्यासाठी त्यांना विटांचं आवरण करावं लागलं. आसरा शोधणाऱ्या माणसांना बाग मोडल्याचा दोष देणं अन्यायाचं ठरेल.

आज वाहतं पाणी दिसतं ते 1997 मध्ये ठरलेल्या आणि 2003 मध्ये संपलेल्या कामामुळे. आगा खान ट्रस्टने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर ते केलं. साचलेली माती काढून जमीन जुन्या पातळीला आणली, पाट त्याच उतारात नव्याने बसवले, गाळाने भरलेल्या जुन्या विहिरी उपसल्या, पावसाचं पाणी जिरवायला 128 खड्डे घेतले. आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, जाई धरून अडीच हजारांवर झाडं लावली. पुनर्भरणाचे खड्डे हा यातला सगळ्यांत शहाणा भाग, कारण विहिरी आटल्या तर उतार कितीही अचूक असून काय उपयोग?

इमारतीचं काम त्यानंतर, 2007 ते 2013 दरम्यान. छत गळतं म्हणून विसाव्या शतकात त्यावर थरावर थर सिमेंट काँक्रीट चढवलं गेलं होतं. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं, क्षार साठतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. तडा गेला की वर आणखी एक थर, असं करत बोजा वाढत गेला. शेवटी सुमारे 10 लाख किलो काँक्रीट उतरवून पुन्हा चुन्याचं काम केलं. मे 2014 च्या वादळात घुमटावरचा 18 फुटी कळस कोसळला. नवा 2016 मध्ये बसला.

कबरी पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुख्य दालनातलं संगमरवरी थडगं केवळ खुणेचं आहे, खरी कबर त्याच्या बरोबर खाली तळघरात आहे आणि तिथे जाता येत नाही. थडगं उत्तर-दक्षिण असून डोकं उत्तरेला आहे. आत शिरायचं ते दक्षिणेकडून, पायांच्या बाजूने. चबुतऱ्यात आणि त्यावर मिळून शंभरावर थडगी आहेत, बहुतेकांवर नाव नाही. शहाजहानचा मुलगा दारा शुकोह इथेच आहे, पण त्याची नेमकी कबर कोणती यावर अजून एकमत नाही.

मराठी माणसाने इथे जरा जास्त थांबावं असं वाटतं. फेब्रुवारी 1719 मध्ये दरबारातल्या बलाढ्य सय्यद बंधूंनी मोगल बादशहा फर्रुखसियरला तख्तावरून ओढलं तेव्हा बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह दिल्लीत होते. फर्रुखसियर इथे पुरला आहे. त्याच्या जागी रफी उद्-दरजातला बसवलं. त्याच्या तीन-सव्वातीन महिन्यांच्या कारकिर्दीत, मार्चमध्ये, चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांच्या हाती आल्या. नोव्हेंबर 1759 मध्ये वजीर इमाद-उल-मुल्कने ठार करवलेला बादशहा दुसरा आलमगीरही इथेच आहे. पानिपत तिथून चौदा महिन्यांवर होतं. सप्टेंबर 1857 मध्ये बहादूरशहा जफर याच आवारात इंग्रज अधिकारी हॉडसनच्या हाती लागला. त्याला मात्र पूर्वजांजवळ जागा मिळाली नाही. त्याची कबर रंगूनला आहे.