आयव्हीएफच्या आधी नळ्यांचं ऑपरेशन कशाला?

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एखाद्या दवाखान्यात आयव्हीएफची चौकशी करायला गेलेल्या बाईला डॉक्टर म्हणतात, ‘आधी नळ्या काढाव्या लागतील.’ ती चक्रावते. स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या या नळ्या बंद म्हणून तर आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडायची टेस्ट ट्यूब बेबी. मग त्यांना आता हात कशाला लावायचा?

तिचं चुकत नाही. आयव्हीएफ जन्मालाच आलं ते बंद नळ्यांवर तोड म्हणून. 1978 साली इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून मुलगी झाली. त्यांच्या वाट्याला मात्र अवहेलनाच आली. 1986 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांना यश आलं. तेव्हा नाशिककरांना यासाठी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईच गाठावी लागे. नळीला वळसा घालता आला, तशी ती दुरुस्त करण्याची शस्त्रक्रियाही मागे पडत गेली.

पण बिघडलेली नळी आत गप्प बसत नाही. गर्भाशयात डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडून काढलेल्या एक्स-रेत, म्हणजे एचएसजीत, चांगली नळी शिवणाच्या दोऱ्यासारखी दिसते आणि तिच्या टोकातून डाय पोटात सांडतो. टोक चिकटलेलं असेल तर तोच दोरा फुगून लांबट फुगा होतो. त्यात साचतं पाणी. कारण बहुधा जुना जंतुसंसर्ग, आणि आपल्याकडे नळ्यांचा टीबीही. ना खोकला ना ताप, कधी फक्त पाळी कमी झालेली. टीबी सापडला तर आधी औषधांचा कोर्स, सहसा सहा महिन्यांचा.

हे पाणी उलटं गर्भाशयात झिरपतं. नव्वदीच्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं, की अशा बायकांमध्ये आयव्हीएफचं यश जवळजवळ निम्म्यावर येतं. स्कँडिनेव्हियात 204 जणींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1999 मध्ये आले: आधी नळ्या काढलेल्यांपैकी 28.6 टक्के जणींना पहिल्या खेपेत मूल झालं, न काढलेल्यांत 16.3 टक्के. सोनोग्राफीत फुगा दिसण्याइतका मोठा असेल तर फायदा जास्त. नुसतं सुईने पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं.

आज हे काम दुर्बिणीतून होतं. आतून सगळं चिकटलेलं असेल तर नळी न काढता गर्भाशयाजवळ तिला क्लिप लावतात, म्हणजे पाणी गर्भाशयात उतरत नाही. दोन्ही नळ्या गेल्या की नैसर्गिक गर्भधारणेची वाट बंद, हे सही करण्याआधी नीट समजून घ्यावं. एकच फुगलेली आणि दुसरी चांगली असेल, तर ती एक काढल्यावर काहींना आयव्हीएफविनाच दिवस जातात.